शाळेची टेक्नॉलॉजी-बिल्डिंग लेव्ही रिन्यू होतेय? या चुका टाळा (सिएटलकरांसाठी)

फेब्रुवारीचा दुसरा मंगळवार जवळ आला की आमच्या इस्टसाइडला, म्हणजे रेडमंड, बेलव्ह्यू, बॉथेल, इसाक्वा या सगळ्या पट्ट्यात, बरेचदा कुठल्या ना कुठल्या शाळा-डिस्ट्रिक्टची लेव्ही, म्हणजे शाळांसाठी घरांच्या किमतीवर लावायचा जादा कर, मतदानाला असते. मी दोन वेळा त्यासाठी दारोदार फिरलेय आणि आपल्या मराठी घरांत त्याच त्या चुका परत परत बघितल्यात, म्हणून लिहितेय. विरोध करणारी माणसं मला फार कमी भेटली. "अगं हो का, कधी होतं?" म्हणणारी खूप भेटली, आणि लेव्ही पडायला तेवढं पुरतं.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे बॅलट (मतपत्रिका) किचनच्या ओट्यावर पडून राहणं. वॉशिंग्टनमध्ये सगळं मतदान पोस्टाने होतं, बॅलट मतदानाच्या साधारण १८ दिवस आधी पोस्टात पडतं, आणि ते येतं नेमकं कूपनच्या गठ्ठ्यात, मग त्यावर क्रेडिट कार्डची पत्रं, त्यावर मुलांच्या ड्रॉइंगचे कागद, आणि मंगळवारी रात्री नऊला आठवण होते तेव्हा ड्रॉपबॉक्स, म्हणजे काउंटीची मतपेटी, आठलाच बंद झालेला असतो. नोव्हेंबरला प्रेसिडेंटचं मतदान असतं तेव्हा सगळे जागे असतात, फेब्रुवारीत कोणी नसतं. आलं त्याच दिवशी भरा. तिकीट लावायला लागत नाही, २०१८ पासून टपालखर्च सरकार भरतं. पण शेवटच्या दिवशी पोस्टाच्या पेटीत टाकू नका, पोस्टाचा शिक्का मतदानाच्या तारखेपर्यंतचाच लागतो आणि टाकलं त्याच दिवशी शिक्का पडेल याची खात्री नसते. उशीर झालाच असेल तर सरळ ड्रॉपबॉक्स गाठा. बॅलट आलंच नाही? काउंटीच्या इलेक्शन ऑफिसला फोन करा, दुसरं मिळतं. पत्ता बदललाय आणि कळवायचं राहिलंय? मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत वोट सेंटरला स्वतः जाऊन करता येतं.

दुसरी चूक सहीची. माझ्या मैत्रिणीच्या सासूबाई नव्याने सिटिझन झाल्या, हौसेने पहिलं मत दिलं आणि पाकिटावर छान मराठीत सही ठोकली, जशी त्या चाळीस वर्षं बँकेत करत आल्या तशी. पण रेकॉर्डवरची सही इंग्रजीत, एकेक अक्षर सुटं काढलेली. काउंटीने मत बाजूला ठेवून पत्र पाठवलं, घरच्यांना वाटलं जाहिरात असेल, पत्र रद्दीत गेलं आणि त्यांचं मतही गेलं. फार वाईट वाटलं त्यांना. तर घरातल्या मोठ्यांना आधी विचारा की लायसन्सवर कशी सही केलीय, तशीच पाकिटावर करायची. काउंटीचं पत्र आलं तर त्याला उत्तर द्या, निकाल सर्टिफाय, म्हणजे अधिकृतपणे पक्का, होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत सही दुरुस्त करून घेता येते.

तिसरी, "नवीन टॅक्स लावतायत" हे. रिन्यूअल म्हणजे चालू लेव्हीची मुदत संपते म्हणून तिच्या जागी दुसरी, एकावर एक नाही. पण म्हणून रक्कम तीच असते असंही नाही, ती वाढलेली असू शकते आणि ते लपवून प्रचार करणं मला बिलकुल पटत नाही. दोन्ही रेट घ्या आणि स्वतः हिशोब करा. समजा जुना रेट घराच्या किमतीच्या दर हजार डॉलरमागे ५२ सेंट होता, नवा ६० सेंट, आणि काउंटीने तुमच्या घराची किंमत १२ लाख डॉलर धरलीय, तर जुने ६२४ आणि नवे ७२० डॉलर वर्षाला, फरक ९६ चा, म्हणजे महिना ८ डॉलर. एवढं बोलता आलं ना की दारातला माणूस शांतपणे ऐकून घेतो. आणि "घरांच्या किमती वाढल्या म्हणजे शाळेला छप्पर फाडके पैसे मिळतायत" हे चूक आहे, लेव्हीची एकूण रक्कम डॉलरमध्ये ठरलेली असते, किमती वाढल्या की रेट खाली येतो. भाड्याने राहणारे सिटिझन असतील तर त्यांनाही मत आहे, त्यांना विसरू नका.

लोक लेव्ही आणि बॉण्डही एकच समजतात. बॉण्ड म्हणजे कर्ज काढून शाळा बांधायची आणि वर्षानुवर्षं व्याजासकट फेडायची, त्याला ६० टक्के मतं लागतात. कॅपिटल लेव्हीत, म्हणजे या टेक्नॉलॉजी-बिल्डिंगच्या लेव्हीत, दरवर्षी ठरलेला पैसा गोळा होतो, व्याज नाही, जास्तीत जास्त सहा वर्षांची मुदत, आणि निम्म्याहून एक मत जास्त पडलं तरी ती पास होते. ही सोय २००७ साली राज्यघटना बदलल्यामुळे झाली, त्याआधी लेव्हीलाही ६० टक्केच लागायचे.

"राज्य सरकार देईल की" असंही ऐकलंय. मॅक्लिअरी केसमध्ये २०१२ ला कोर्टाने राज्याला शिक्षणाचा खर्च उचलायला लावला हे खरं, पण इमारतींचं तसं नाही. वाहकायकम नावाच्या छोट्याशा डिस्ट्रिक्टने तेच मागितलं होतं आणि २०२३ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं. म्हणजे गळकं छप्पर, वायफाय, लॅपटॉप, यासाठी मुख्य आधार आपणच. माझ्या मुलाचा गणिताचा वर्ग पोर्टेबलमध्ये, म्हणजे आवारात आणून ठेवलेल्या तात्पुरत्या खोलीत, भरायचा, हीटर चालू झाला की मॅडमचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नसे, आणि त्याला मिळालेल्या लॅपटॉपची बिजागरी तुटलेली, स्क्रीन पडू नये म्हणून मागे तो सायन्सचं पुस्तक उभं करून ठेवायचा. त्याला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं, याचाच मला जास्त त्रास झाला.

शिक्षकांना "तुमच्या क्लासच्या ॲपवर मेसेज टाका ना" अशी गळ घालू नका, प्लीज. शाळेची वेळ, ईमेल, झेरॉक्स मशीन यातलं काहीही प्रचाराला वापरायची कायद्याने बंदी आहे, आपल्या उत्साहापायी बिचारे ते अडकतात. डिस्ट्रिक्ट फक्त माहिती देऊ शकतं, हो म्हणा की नाही म्हणा हे सांगू शकत नाही. आपण आपल्या फोनवरून, आपल्या ग्रुपवर लिहावं.

आता जपून वाचा. एच-वन व्हिसा किंवा ग्रीन कार्डवर असाल तर मत द्यायचं नाही आणि मतदार म्हणून नावही नोंदवायचं नाही, लायसन्सच्या काउंटरवर कोणी विचारलं तरी नाही. पुढे सिटिझनशिपच्या फॉर्मवर हा प्रश्न स्पष्ट विचारतात आणि लोक तिथे अडकतात. पण डिस्ट्रिक्टच्या बोर्ड मीटिंगला जाऊन बोलायला, शेजाऱ्यांना आठवण करायला काही अडचण नाही. माझ्याबरोबर फिरणारी सगळ्यात जोरदार मुलगी एच-फोरवर (एच-वनवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) होती.

६१ किंवा त्याहून जास्त वयाच्या, कमी उत्पन्नाच्या घरमालकांना अशा लेव्हींतून सूट असते, अर्ज मात्र करावा लागतो. आईवडील तुमच्या घरात राहतात एवढ्यावर ती मिळत नाही, घर त्यांच्या नावावर हवं.

आणि पडलीच तर? डिस्ट्रिक्टला वर्षात दोनदाच विचारता येतं. एप्रिलच्या चौथ्या मंगळवारी परत न्यायची तर फेब्रुवारी संपायच्या आत बोर्डाला ठराव काउंटीकडे द्यावा लागतो, म्हणजे हातात जेमतेम दोन आठवडे. त्या दोन आठवड्यांत बोर्ड मीटिंगला माणसं दिसली पाहिजेत, रक्कम कमी करायची की तीच ठेवायची हे तिथेच ठरतं. मागे एकदा अशा मीटिंगला गेले होते, खुर्च्या साठ आणि आम्ही पालक सात.