प्रोटीन बदललं की नमुना बदलला? प्रोस्टेट कॅन्सरवर काम करताना या चुका टाळा

ग्राफ सुंदर येतो, पी-व्हॅल्यू 0.05 च्या खाली असते, गाइडही खूश असतात. तरी एक प्रश्न उरतोच. दिसलेला बदल कॅन्सरचा आहे, की तुम्ही ट्यूबमध्ये टाकलेल्या तुकड्याचा? प्रोस्टेटच्या बाबतीत हा प्रश्न जरा जास्तच छळतो.

नेहमीचं उदाहरण घ्या. एका बाजूला बीपीएचचं (प्रोस्टेटची साधी, कॅन्सर नसलेली वाढ) टिश्यू, दुसऱ्या बाजूला हाय-ग्रेड कॅन्सर. डेस्मिन, मायोसिन-11, ट्रान्सजेलिन कॅन्सरमध्ये घटलेले दिसतात आणि थिसिसमध्ये लगेच ‘ट्यूमर सप्रेसर’ असं लिहून मोकळे! पण ही तिन्ही स्मूथ मसलची प्रोटीन्स. प्रोस्टेटचा स्ट्रोमा (ग्रंथींमधला आधाराचा भाग) या स्नायूंनीच भरलेला असतो आणि कॅन्सरच्या पेशी दाटीने वाढल्या की तेवढ्याच तुकड्यात स्नायूला जागा कमी उरते. कुठल्याही पेशीने काहीही कमी केलेलं नसतं. p63 आणि सायटोकेरॅटिन-5 या बेसल पेशींच्या प्रोटीन्सचंही तेच: ग्रंथीभोवतीचा बेसल पेशींचा थर कॅन्सरमध्ये नाहीसाच होतो, आणि पॅथॉलॉजिस्ट त्यावरूनच तर निदान पक्कं करतात. ते ‘शोधून काढलं’ म्हणून पेपर लिहायला बसू नका.

उपाय महागडा नाही. ज्या तुकड्यातून लायसेट (पेशी फोडून काढलेला प्रोटीनचा अर्क) करणार, त्याच्या पुढचा आणि मागचा काप एच-अँड-ई या पॅथॉलॉजीतल्या नेहमीच्या रंगांनी रंगवून घ्या. पॅथॉलॉजिस्टकडून ट्यूमरचा भाग पेनाने आखून घ्या, टक्केवारी लिहून घ्या, आणि तेवढाच भाग ब्लेडने खरवडा. मग जे प्रोटीन हलताना दिसेल, ते इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीवर (कापावर अँटिबॉडीने प्रोटीन रंगवून) नेमकं कोणत्या पेशीत आहे ते बघा. तुलनेचं टिश्यूही विचार करून निवडा. बीपीएच होतो ट्रान्झिशन झोनमध्ये. कॅन्सर बहुतेक वेळा पेरिफेरल झोनमध्ये. त्याच रुग्णाचा पेरिफेरल झोनमधला निरोगी भाग मिळत असेल तर बीपीएचच्या मागे कशाला लागायचं? टीयूआरपीच्या (मूत्रमार्गातून प्रोस्टेट खरवडण्याच्या शस्त्रक्रियेच्या) चिप्स वापरत असाल तर करंटने भाजलेल्या कडा आधी काढून टाका.

दुसरा गोंधळ सेल लाइन्सचा, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या कॅन्सर पेशींचा. एलएनकॅप म्हणजे ‘सुरुवातीचा’ आणि पीसी-3 म्हणजे ‘पुढचा’ कॅन्सर, असं धरून प्रोग्रेशनचा बाण काढणारे बरेच. एलएनकॅप एका माणसाच्या लिम्फ नोडमधून आली, पीसी-3 दुसऱ्याच्या हाडातल्या गाठीतून. ही दोन माणसांची तुलना झाली, एका आजाराच्या दोन टप्प्यांची नाही. एलएनकॅप आणि तिच्यापासूनच तयार केलेली सी4-2 ही जोडी त्या मानाने प्रामाणिक. एकेटीवर (पेशीला वाढीचा संदेश देणारं प्रोटीन) काम असेल तर आणखी एक लक्षात ठेवा: एलएनकॅप आणि पीसी-3 दोन्हींत पीटेन (एकेटीला लगाम घालणारं प्रोटीन) नाही, डीयू145 मध्ये आहे. शिवाय एलएनकॅपमधल्या अँड्रोजेन रिसेप्टरमध्ये (एआर, पुरुषी हॉर्मोनचा संदेश घेणारं प्रोटीन) टी878ए म्युटेशन आहे (जुन्या पेपरांत 877 लिहिलेलं असतं). त्यामुळे प्रोजेस्टेरॉन, इस्ट्रॅडिओल, इतकंच काय, एआर रोखायला वापरतात त्या हायड्रॉक्सीफ्लुटामाइडनेही तो रिसेप्टर चालू होतो. औषध घातलं आणि पीएसए (एआर चालू झाला की वाढणारं प्रोस्टेटचं प्रोटीन) वाढलं, तर दचकू नका. अँड्रोजेन काढून टाकल्याचा प्रयोग साध्या सीरममध्ये करण्यात अर्थ नाही. चारकोल-स्ट्रिप्ड (कोळशाने हॉर्मोन काढून टाकलेलं) सीरम आणि फिनॉल रेड नसलेलं मीडियम लागतंच.

वेस्टर्न ब्लॉटवर (वजनानुसार वेगळी केलेली प्रोटीन्स अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) एआरचा बँड 110 किलोडाल्टनला, आणि खाली 80 च्या आसपास आणखी एक. एआर-व्ही7 (एआरचा आखूड प्रकार) सापडला? थांबा. लायसेट नीट सांभाळलं नाही तर एआर तुटूनही तिथेच तुकडा दिसू शकतो. शेजारच्या लेनमध्ये व्ही7 असलेली 22आरव्ही1 आणि नसलेली एलएनकॅप चालवा, व्ही7 ची स्वतंत्र अँटिबॉडी लावा. उलट बाजूने, सी-टर्मिनल (प्रोटीनच्या शेवटच्या टोकाला चिकटणारी) अँटिबॉडी वापरून ‘व्ही7 नाही’ असं लिहिणंही चूकच. त्या व्हेरियंटला तो शेवटचा भागच नसतो.

फॉस्फो-एकेटी (फॉस्फेट जोडलेलं, चालू एकेटी) सगळ्याच रुग्णांत फिकं येतंय, टोटल एकेटी मात्र ठणठणीत? अँटिबॉडी बदलण्याआधी वेळ तपासा. रक्तपुरवठा तुटला की फॉस्फो-प्रोटीन्स काही मिनिटांत बदलायला लागतात. नागपुरात मे महिन्यात मेडिकल चौकातून अमरावती रोडच्या लॅबला नमुना आणायचा म्हणजे बर्डीचा ट्रॅफिक आणि वर 44-45 अंशांचं ऊन. नमुना ओटीतच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा आणि वेळ लेबलवर लिहा. लायसिस बफरमध्ये फॉस्फेट टिकवून ठेवणारं सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेट हवंच. लाइन गेल्यावर −80 फ्रीझर किती वेळ, किती अंशांपर्यंत चढला, याची वही ठेवा. ब्लॉटच्या ब्लॉकिंगला दुधाऐवजी बीएसए (बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन).

जीएपीडीएचवर (ब्लॉटवर तुलनेसाठी ‘स्थिर’ धरलं जाणारं प्रोटीन) डोळे मिटून भरवसा ठेवू नका. एलएनकॅपमध्ये अँड्रोजेन दिल्यावर तेही हलतं. पॉन्सोने सगळी प्रोटीन्स रंगवलेल्या ब्लॉटचा फोटो काढून ठेवा.

रक्ताचे नमुने असतील तर रुग्णाची औषधाची चिठ्ठी बघा. प्रोस्टेट आकसवणारं फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिने-वर्षभर चालू असेल तर पीएसए साधारण निम्म्यावर येतं. बायॉप्सीनंतर लगेच घेतलेल्या रक्तात ते वाढलेलं मिळतं.

मास स्पेक्ट्रोमेट्रीला नमुने बाहेर पाठवताना सगळे बीपीएच एका दिवशी आणि सगळे कॅन्सर दुसऱ्या दिवशी चालवू देऊ नका. यादी आधीच मिसळून द्या आणि सगळ्यांचा थोडा-थोडा अंश एकत्र केलेला पूल मधून मधून चालवायला सांगा. तसं न करता डेटा आला असेल, तर सॉफ्टवेअरमधलं बॅच करेक्शन (वेगवेगळ्या दिवशी चालवल्याने आलेला फरक काढून टाकणं) कामाला येत नाही, कारण तिथे बॅच आणि आजार एकच झालेले असतात. उरलेलं लायसेट काढा आणि मिसळून पुन्हा पाठवा.