लँडिंग पेज: बटण दाबल्यावर काय घडतं ते आधी बघा

४९९ रुपयांचा ऑनलाइन वर्ग विकायचाय असं धरू. गोधडी शिवायला शिकवणारा, दोन रविवार, झूमवर. जाहिरात इन्स्टाग्राम-फेसबुकवर, पान एकच, पैसे गेटवेतून (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा), मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. पिक्सेल म्हणजे काय, सेल्स पेज कशाला म्हणतात हे तुम्हाला माहीत आहे असं समजून पुढचं लिहितोय.

पानाला हात लावण्याआधी हिशोब करा. एका क्लिकला ८ रुपये पडले आणि शंभरात दोघांनी विकत घेतलं, तर एक विक्री ४०० रुपयांना पडली. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर ४९९ मधले ७६ रुपये सरकारचे. नसेल, तर जाहिरातीच्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या खिशातून जातो आणि तीच विक्री ४७२ ला पडते. गेटवेचे साधारण २ टक्के वेगळे. दोन्हीकडे हातात उरतात तेरा ते पंधरा रुपये. तेव्हा ४९९ चा वर्ग हा पुढचं काही विकण्यासाठीच असतो. पुढचं काही नसेल तर किंमत वाढवा. बटणाचा रंग बदलून हे गणित सुटत नाही.

पानाचा पहिला पडदा ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर बघा, लॅपटॉपवर नाही. त्यात चार गोष्टी दिसायलाच हव्यात: काय मिळणार, कधी, किती रुपयांत, आणि बटण. जाहिरातीत ‘जुन्या साड्यांची गोधडी दोन रविवारांत’ म्हटलंय ना, मग पानाच्या मथळ्यातही जुन्या साड्याच हव्यात. ‘तुमच्यातली कलाकार जागी करा’ असलं काही तिथे टाकलंत की माणूस चुकीच्या जागी आलो असं समजून मागे फिरतो.

इंग्रजी टेम्प्लेट मराठीला जसंच्या तसं चालत नाही. त्यात मथळ्याच्या ओळींमधलं अंतर बहुधा अक्षराच्या आकाराच्या १.१ पट असतं, देवनागरीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. मथळ्याला १.४ आणि मजकुराला १.६ ठेवा. अक्षरांमधलं जादा अंतर शून्यावर आणा, नाहीतर शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे दिसतात. फॉन्ट एकच घ्या, मुक्ता किंवा बालू, आणि दोनच जाडी. प्रत्येक जादा जाडी ही उतरवायची आणखी एक फाइल असते.

वेगाबद्दल थोडक्यात. फोटो वेबपीमध्ये (फोटोचा हलका फाइल-प्रकार) आणि शंभर केबीच्या आत, यूट्यूबचा व्हिडिओ थेट न चिकटवता त्याचं चित्र, दाबल्यावरच व्हिडिओ. गूगलच्या मापाने मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसायला हवा. अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये (फेसबुक-इन्स्टाग्राम जाहिरातींचा हिशोब दिसतो तिथे) लिंक क्लिक १०० आणि लँडिंग पेज व्ह्यू, म्हणजे पान खरंच उघडलं असे, ६० असतील, तर आधी संशय पानाच्या वेगावर घ्या, मजकुरावर नाही. त्या चाळीस जणांनी मजकूर बघितलेलाच नाही.

आता मुख्य सापळा. यावर जास्त बोलणार आहे, कारण यात पैसे जातात आणि जाताना आवाजही होत नाही.

‘पर्चेस’ हा इव्हेंट, म्हणजे विक्रीची नोंद, बटणाला जोडा, असं बरेच जण शिकवतात, कारण ते सोपं आहे. ‘जागा नक्की करा’ दाबलं की मेटाला (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) निरोप गेला: विक्री झाली. प्रत्यक्षात दाबणाऱ्यांतले कितीतरी जण रक्कम बघून किंवा ‘रात्री भरू’ म्हणून परत फिरतात. अ‍ॅड्स मॅनेजर ३० विक्री दाखवतो, गेटवेत जमा ७. बरं, नुसता आकडा फुगला असता तरी चाललं असतं. पण मेटाची यंत्रणा त्या तीस जणांवरून शिकते आणि तसलेच लोक आणखी शोधून आणते, म्हणजे बटण दाबणारे आणि पैसे न देणारे. शिकण्याच्या टप्प्यातून बाहेर पडायला एका अ‍ॅड सेटला (जाहिरातींच्या एका गटाला) आठवड्यात साधारण ५० इव्हेंट लागतात, असं मेटाच सांगते. ते ५० खोटे असले की बजेट वाढवून तोटाच वाढतो.

मग दुसरा सल्ला मिळतो: इव्हेंट धन्यवादाच्या पानावर टाका. बरा आहे, पण अर्धाच. गिऱ्हाईक इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमध्ये असतं. तिथून फोनपे किंवा गूगल पे उघडतं, पिन टाकला जातो, पैसे कापले जातात आणि माणूस तिथूनच घरी जातो. धन्यवादाचं पान उघडतच नाही. उलट कुणी ते पान रिफ्रेश केलं किंवा त्याची लिंक मैत्रिणीला पाठवली, की न झालेली विक्री मोजली जाते. ग्रुपची लिंक फक्त त्याच पानावर ठेवली असेल तर आणखी वाईट: ‘पैसे कापले, लिंक आली नाही’ असे मेसेज सुरू होतात, आणि ताई-काकू तुम्हाला सरळ फसवणारे समजतात. त्यांचं काय चुकलं?

विक्री मोजायची ती गेटवेत पैसे जमा झाल्यावर. रेझरपेसारख्या गेटवेमध्ये ‘पेमेंट कॅप्चर्ड’ (पैसे जमा झाले) या घटनेवर वेबहूक लावा, म्हणजे ते घडताच गेटवेकडून आपोआप जाणारा निरोप. त्या वेबहूकने दोन कामं करावीत: ग्रुपची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं आणि मेटाच्या कन्व्हर्जन्स एपीआयला (ब्राउझरवर न विसंबता थेट निरोप घेणारी वाट) विक्री कळवणं. ऑर्डरचा क्रमांक हाच इव्हेंट आयडी ठेवा. धन्यवादाच्या पानावरच्या पिक्सेललाही तोच आयडी आणि तेच इव्हेंटचं नाव द्या, म्हणजे मेटा दोन्ही निरोप एकच धरते. मोबाइल नंबर हॅश करण्याआधी (मेटाला पाठवताना तो सांकेतिक रूपात बदलतात) ९१ लावा, अधिक चिन्ह आणि मधल्या जागा काढा. वेबहूक एकाच पेमेंटसाठी दोनदाही येऊ शकतो. हा क्रमांक आधी येऊन गेलाय का, हे तपासूनच पुढे जा.

घाबरू नका, यासाठी कोड लिहावाच लागतो असं नाही. पॅब्ली किंवा झेपिअरसारख्या साधनांनी ही जोडणी होते. दोन जागी मात्र हमखास घोळ होतो. गेटवेच्या टेस्ट मोडमधला (चाचणीचा) वेबहूक लाइव्ह मोडला (खऱ्या पैशांचा) लागू होत नाही, तो तिथे पुन्हा लावावा लागतो. आणि गेटवेकडून रक्कम रुपयांत नाही, पैशांत येते: ४९९ रुपये म्हणजे ४९९००. तीच रक्कम शंभराने न भागता मेटाला पाठवलीत, तर रिपोर्टमध्ये तुम्ही रातोरात श्रीमंत.

चाचणी खऱ्या पैशांनी करा. किंमत तात्पुरती १ रुपया ठेवा, पानाची लिंक स्वतःलाच इन्स्टाग्रामवर मेसेज करा, साध्या अँड्रॉइडवर, वायफाय बंद ठेवून उघडा आणि पैसे भरा. पिन टाकल्यावर मुद्दाम परत येऊ नका. तरी ग्रुपची लिंक आली आणि मेटाच्या टेस्ट इव्हेंट्समध्ये विक्री दिसली, तर पान तयार. यूपीआय अ‍ॅप उघडलंच नाही आणि समोर नुसता क्यूआर आला, तर विचार करा: त्याच फोनवरचा क्यूआर त्याच फोनने कोण स्कॅन करणार? ‘क्रोममध्ये उघडा’ ही सूचना आणि मदतीचा नंबर बटणाच्या खालीच हवा. दुबई किंवा अमेरिकेतल्या मराठी मंडळींना विकायचं असेल, तर नंबराच्या रकान्यातली दहा आकड्यांची सक्ती काढा आणि परदेशी कार्ड गेटवेत चालू आहेत का ते बघा.

रिफ्रेश केल्यावर पुन्हा पंधरा मिनिटांवरून सुरू होणारं घड्याळ आणि कायम ‘फक्त ३ जागा’ हे सगळं काढून टाका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्न्सविरोधात (ग्राहकाला फसवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या युक्त्या) मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार आहेत आणि खोटी घाई हा त्यातलाच एक. नोंदणीची शेवटची तारीख खरी असेल तर ती जरूर लिहा, ती चालतेही. आणि हे घड्याळ लावायला सांगणाऱ्या मेंटॉरला एवढंच विचारा की अनोळखी लोकांवर चालवलेल्या एका पानाचा गेटवेतला जमा आकडा दाखवाल का? अ‍ॅड्स मॅनेजरचा स्क्रीनशॉट काय, कुणीही दाखवतो.

दोन मथळ्यांची तुलना करण्याची घाई नको. विकत घेणाऱ्यांचे दोन टक्क्यांचे तीन टक्के झाले हे भरवशाने कळायला प्रत्येक पानावर सुमारे ३,८०० माणसं लागतात. शंभर-शंभर माणसांत ३ विरुद्ध ५ म्हणजे काहीच नाही. तेवढी माणसं येईपर्यंत मायक्रोसॉफ्टचं क्लॅरिटी हे पानावरची हालचाल टिपणारं साधन फुकट आहे, त्यातली रेकॉर्डिंग बघा. लोक कुठे थांबतात, न दबणाऱ्या चित्रावर कुठे बोट आपटतात, ते दिसतं.

आणि रोज संध्याकाळी गेटवेतल्या ‘अटेम्प्टेड’ (पैसे भरायचा प्रयत्न झाला, पण पूर्ण नाही) ऑर्डरी उघडा. त्यातला एखादा नंतर यशस्वी झालेला निघतो, कारण बँकेचा निरोप उशिरा येतो. म्हणून आधी पेमेंटची स्थिती तपासा. बाकीच्यांना हाताने, नाव घालून एक मेसेज: ‘वर्षाताई, पैसे भरताना अडचण आली का? जागा हवी असेल तर ही लिंक.’ नंबर याही कामासाठी वापरू, हे फॉर्मखाली आधीच लिहिलेलं असू द्या. उत्तर नाही आलं तर दुसरा मेसेज पाठवू नका.