सेव्हन आयर्न आधी जमिनीला कुठे लागतो?

गोल्फमध्ये एक फटका सुरेख जातो, पुढचा मातीत रुततो, त्याच्या पुढचा बॉलच्या टाळूवर बसतो. हौशी खेळाडू अशा वेळी हातांना दोष देतो. हात सहसा निर्दोष असतात. स्विंगमध्ये क्लब (गोल्फची काठी) ज्या कमानीत फिरतो, तिचा सर्वांत खालचा बिंदू दर वेळी वेगळ्या जागी पडतो, हे खरं दुखणं. बॉल जेमतेम 42.67 मिलिमीटर व्यासाचा. तो बिंदू पाच सेंटिमीटर मागे सरकला की फटका फॅट, म्हणजे क्लब बॉलच्या आधी जमिनीत. (सगळ्या सूचना उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी; डावऱ्यांनी उलट वाचावं.)

आधी तपासणी. गवतावर चुन्याची सरळ रेघ मारा. ती दोन्ही पायांच्या मधोमध येईल असे उभे राहा आणि बॉल न ठेवता सेव्हन आयर्नने (मधल्या पल्ल्याच्या क्लबने) दहा स्विंग करा. दर वेळी रेघेवर थोडं पुढे सरका. गवत रेघेवर किंवा तिच्यापुढे, म्हणजे टार्गेटच्या बाजूला, निघायला हवं. रेघेच्या मागे निघत असेल तर वजन उजव्या पायावर अडकलंय, किंवा बॉल 'उचलून' देण्यासाठी मनगटं आधीच सुटताहेत. उचलायची गरजच नाही, त्यासाठी क्लबफेसला (क्लबच्या बॉलला लागणाऱ्या सपाट बाजूला) तिरकेपणा दिलेलाच आहे.

पावसाळ्यात बहुतेक सराव रेंजच्या (सरावाच्या मैदानाच्या) मॅटवर होतो, आणि मॅट खोटं बोलते. क्लब आधी रबरावर आपटून घसरतो, तरी बॉल बरा उडतो. म्हणून बॉलच्या मागे वीतभर अंतरावर टॉवेलची घडी ठेवा. टॉवेल हलला तर तो फटका फॅट धरा, बॉल कितीही छान गेलेला असो.

उपाय साधा, पण कंटाळवाणा. पाय जुळवून, कमरेपर्यंतच क्लब नेऊन वीस अर्धे स्विंग. तोल गेला की चूक लगेच कळते. मग नेहमीच्या स्टान्समध्ये (उभं राहण्याच्या पवित्र्यात) पूर्ण स्विंग करा आणि शेवटच्या स्थितीत तीन सेकंद थांबा: पोट टार्गेटकडे, उजवी टाच वर, जवळजवळ सगळं वजन डाव्या पायावर. थांबता येत नसेल तर जोर कमी करा.

आता उभं राहणं. सेव्हन आयर्नला बॉल स्टान्सच्या मध्यापासून एक बॉल पुढे, ड्रायव्हरला (सर्वांत लांब मारायच्या क्लबला) डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला. ग्रिप डाव्या तळव्यात खोल नको, बोटांच्या मुळाशी तिरकी हवी. वरून बघताना डाव्या हाताची दोन पेरं दिसावीत. क्रिकेटमधून आलेल्यांचा खालचा हात फार आवळलेला असतो. तोच क्लबफेस बंद करतो, म्हणजे डावीकडे वळवतो, आणि बॉल डावीकडे ओढला जातो.

पायांची दिशा डोळ्यांनी ठरवू नका. एक क्लब बॉलपलीकडे टार्गेटच्या रोखाने, दुसरा पायांच्या बोटांना लागून त्याला समांतर ठेवा. पाय थेट झेंड्याकडे रोखले तर खांदे बहुधा त्याच्याही उजवीकडे वळलेले असतात.

स्लाइसवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांचा बॉल हवेत उजवीकडे वळतो त्यांच्यासाठी, थोडं वेगळं. बॉल सुरुवातीला मुख्यतः क्लबफेसच्या दिशेने निघतो. वळतो तो फेस आणि स्विंगचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. बॉल उजवीकडे जातो म्हणून आणखी डावीकडे रोखून उभं राहिलात, तर मार्ग आणखी बाहेरून आत येतो आणि स्लाइस वाढते. आधी ग्रिप तपासा.

टेम्पोसाठी, म्हणजे स्विंगच्या लयीसाठी, मनात मोजा: वर जाताना 'एक-दोन-तीन', बॉलवर 'चार'. चांगल्या खेळाडूंचा बॅकस्विंग (क्लब वर नेणं) खाली येण्याच्या साधारण तिप्पट वेळ घेतो. घाई बहुतेकांची वरच्या टोकाला होते.

पन्नास बॉलची बादली घेतलीत तर वीस अर्ध्या स्विंगला, वीस टॉवेल ठेवून. उरलेले दहा दर फटक्याला क्लब आणि टार्गेट बदलून मारा; कोर्सवर तोच फटका लागोपाठ दोनदा मारायला क्वचितच मिळतो.