टॅबलेटवर संशोधनासाठी लोकांचा डेटा गोळा करताय? या चुका टाळा

डेटात घोळ निघाला की बोल लागतो तो गावोगावी फिरून फॉर्म भरणाऱ्या ताईंना. खरं तर बराचसा घोळ फॉर्म बनवतानाच झालेला असतो. 'माहीत नाही' म्हणायला जागाच ठेवली नाही, तर माणूस काहीतरी दाबून पुढे जाणारच.

जन्मतारीख सक्तीची करणे

मराठवाड्यातल्या खेड्यात सत्तरीच्या आजींना जन्मतारीख विचारून बघा. शाळेचा दाखला असलाच तर त्यावर १ जून, आधारवर बहुधा १ जानेवारी. फील्ड सक्तीचं असेल तर हीच तारीख नोंदली जाते आणि सॉफ्टवेअर त्यावरून अगदी दिवसापर्यंत 'अचूक' वय काढून देतं! त्यापेक्षा वय पूर्ण वर्षांत घ्या आणि 'वय कशावरून कळलं' हा प्रश्न वेगळा ठेवा: दाखला, आधार की अंदाज. अंदाजासाठी गावाच्या आठवणीतल्या घटना घ्या. हैदराबाद संस्थानावरची पोलीस ॲक्शन (१९४८) झाली तेव्हा जन्म झाला होता का? बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालेलं होतं का? किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी, म्हणजे सप्टेंबर १९९३ मध्ये, थोरलं लेकरू केवढं होतं? या तीन प्रश्नांत वय बऱ्यापैकी जुळतं.

टिक नाही म्हणजे 'नाही' समजणे

रेडकॅपमध्ये (संशोधनाचा डेटा गोळा करायचं सॉफ्टवेअर) 'लागू असेल ते सगळं निवडा' असा प्रश्न ठेवला, की डेटा बाहेर काढताना प्रत्येक पर्यायाचा वेगळा रकाना होतो. टिक असेल तर १, नसेल तर ०. प्रश्न विचारलाच नसेल तरी ०च! लक्षणं महत्त्वाची असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र 'हो / नाही / माहीत नाही' द्या. 'माहीत नाही'साठी ९९ टाकायची सवयही जपून वापरा. हिमोग्लोबिनच्या रकान्यात दोन-चार ९९ राहिले की सरासरीचं मातेरं.

अभ्यास सुरू असताना कोड बदलणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण ती दिसत नाही. समजा, १ म्हणजे बिडी आणि २ म्हणजे तंबाखू. महिनाभराने गाईड म्हणतात, मिश्री राहिली की! कुणीतरी मिश्रीला मधला २ देतं आणि तंबाखूला ३ करतं. साठवलेला असतो फक्त आकडा, त्यामुळे आधीचे सगळे तंबाखूवाले एका रात्रीत मिश्रीवाले होतात. नवा पर्याय आला तर त्याला नवा आकडा द्या, जुन्याला हात लावू नका.

गावाचं नाव टाईप करू देणे

वडगाव, पिंपळगाव किती आहेत, मोजत बसा. जनगणनेच्या कोडसह यादी द्या. जिल्ह्यांनाही कोडच हवा. नाहीतर २०२३ च्या आधीच्या नोंदीत उस्मानाबाद आणि नंतरच्या नोंदीत धाराशिव, असे एकाच जिल्ह्याचे दोन होतात.

'भेट झाली नाही' एवढाच पर्याय ठेवणे

बीडकडे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेलं कुटुंब साधारण मार्च-एप्रिलशिवाय परतत नाही. तुमचा फॉलो-अप, म्हणजे पुढची भेट, नेमका जानेवारीत! स्थलांतर, नकार, मृत्यू आणि घराला कुलूप, हे चार पर्याय वेगळे ठेवा. गेलेल्यांचा परतीचा अंदाजे महिना आणि मुकादमाचा किंवा गावातल्या नातेवाइकाचा नंबर पहिल्याच भेटीत, परवानगीने, घेऊन ठेवा. फॉलो-अपच्या तारखा हंगाम बघून आधीच प्रोटोकॉलमध्ये (अभ्यासाच्या लेखी आराखड्यात) लिहिल्या तर उत्तमच.

फॉर्म सर्व्हरवर दिसत नाहीत?

ओडीके या फॉर्म भरायच्या ॲपमधला फॉर्म नेटशिवाय भरता येतो, पण पाठवेपर्यंत तो टॅबलेटमध्येच असतो. ॲप अडकलं म्हणून अनइन्स्टॉल केलंत तर न पाठवलेलं सगळं गेलं. आधी पाठवा, मग दुरुस्ती. टॅबलेटची तारीख-वेळही तपासा, कारण भेटीची वेळ तिथूनच उचलली जाते. आणि सगळ्यांना मिळून एकच लॉगिन नको. कोणता बदल कुणी केला, हे मग ऑडिट ट्रेलही (सॉफ्टवेअरने ठेवलेली बदलांची नोंद) सांगू शकत नाही.

एक्सेलमध्ये आकडे बदललेत?

सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबल क्लिक करून उघडली की ००७ चा ७ होतो, '१-२' ची तारीख होते आणि देवनागरीचा कचरा दिसू शकतो. त्यात सेव्ह केलंत की संपलंच. फाइल 'डेटा' मेनूतून, युटीएफ-८ (देवनागरी नीट वाचणारी अक्षरांची पद्धत) निवडून, आयडीचा रकाना टेक्स्ट ठेवून आत घ्या. मूळ फाइल रीड-ओन्ली करून बाजूला ठेवा आणि काम कॉपीवरच करा.