काळ्या मातीतली भिंत: चिरलेला कोपरा कसा सावरला

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिक्कोडीकडच्या काळ्या रानात घर असेल तर आधी भेगेवर पेन्सिलीने खुणा करून रुंदी मोजत राहा. मे महिन्यात उघडून श्रावणात मिटणारी भेग मातीच्या फुगण्या-आकसण्याची. बारा महिने वाढतच जाणारी, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चढणारी भेग मात्र पाया खचल्याची. त्याच जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या जांभ्यावर हा त्रास फारसा नाही.

ज्या घराचा कोपरा सावरला, तिथे पागोळीचं पाणी थेट जोत्याशी मुरत होतं, म्हणून आधी पन्हळ बसवली. ते न करता सिमेंट भरणं म्हणजे पैसे मातीत.

मग खचलेल्या कोपऱ्याखाली एकेक मीटरचे खड्डे: आधी पहिला, तिसरा, पाचवा, दुसरा-चौथा नंतर. शेजारचे दोन एकदम उघडले की भिंत लटकते, आणि गवंडी घाईत नेमकं तेच करतो. काळी माती संपून घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदून १:२:४ (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीट ओतलं. जुन्या पायाखाली तीन इंच फट ठेवली. काँक्रीट आकसतं, त्यामुळे फट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी १:३ चा (सिमेंट:वाळू) जेमतेम ओला मसाला ठोकून भरायची.

भेग शेवटी. उंचीत दर दीड-दोन फुटांवर आडव्या सांध्यात खाच पाडून ८ मिमीचा गज भेगेच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट घातला, न आकसणारं ग्राउट (फटी भरायचा पातळ मसाला) भरलं, वर कोंबडीजाळी आणि १:४ गिलावा. बाहेर मुरूम कुटून तीन-चार फुटी फरसबंदी, उतार घरापासून लांब.