एमजीबीचं इंजिन घरच्या घरी उतरवायचंय? गिअरबॉक्ससकट काढा

१९६२ ते ८० मधल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं १७९८ सीसी इंजिन एकटंही निघतं, पण माझं ऐका, गिअरबॉक्ससकटच काढा, कारण परत बसवताना क्लचमध्ये गिअरबॉक्सचा शाफ्ट जुळवता जुळवता जीव जातो. आधी बॅटरी सोडवा, जुन्या गाड्यांत ६ व्होल्टच्या दोन असतात, सीटच्या मागे. मग बॉनेट काढा (दोघं लागतात), पाणी, ऑइल काढून रेडिएटर त्याच्या पत्र्यासकट बाहेर. कार्बोरेटर, वायरी, एक्झॉस्ट सोडवा, प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावा आणि फोटो काढाच.

क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने क्लच ढकलणारा) पाइप न उघडता नुसता सोडवून तारेने बाजूला टांगा म्हणजे नंतर हवा काढायची कटकट नाही. आत गिअर लिव्हर, खाली स्पीडोमीटरची केबल, प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) चार बोल्ट आणि गिअरबॉक्सखालचा क्रॉसमेंबर (आडवी पट्टी) सोडवा. गाडीखाली शिरताना स्टँड हवेतच, नुसत्या जॅकच्या भरवशावर अजिबात जाऊ नका!!

आता क्रेन. इंजिनची पुढची बाजू वर, शेपूट खाली अशी चांगलीच तिरकी करून हळूहळू ओढा, तिरकं झालं की गिअरबॉक्सच्या मागून ऑइल गळू शकतं म्हणून तिथे प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा. कुठे अडलं तर जोर लावू नका, थांबून बघा, बहुतेक अर्थची पट्टी (इंजिन आणि बॉडी जोडणारी वायर) सोडवायची राहिलेली असते.