बाळाला घेऊन मुंबईला आजीकडे जाताना

पिशव्या नंतर काढा, आधी ताई कार्ड बाहेर काढा. आपल्याकडे कर्नाटकात गरोदरपणी मिळतं आणि पुढं बाळाच्या लसीही ज्यावर लिहितात ते हे कार्ड. कानडीत ताई म्हणजे आई. त्यावरचा मजकूर कानडी, शिवाय सिस्टरबाईंचं घाईतलं अक्षर. आमची लेक आठ महिन्यांची असताना आम्ही बेळगावजवळच्या येळ्ळूरहून लालबागला माझ्या आजीकडे गेलो आणि तिसऱ्याच दिवशी लेकीला ताप भरला. तिथल्या डॉक्टरांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्याच हातात परत दिलं. तापलेलं पोर मांडीवर घेऊन मी एकेक ओळ वाचून सांगत होते, आणि पेंटाव्हॅलंटच्या, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीच्या, तिसऱ्या डोसची तारीख मलाच लागेना. तेव्हापासून जी कुणी लहान बाळ घेऊन निघते तिला मी हेच सांगते की आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांकडून लसींची नावं, तारखा, बाळाचं आताचं वजन आणि काही सोसत नसेल तर तेही, एका कागदावर इंग्रजीत लिहून घ्या. त्याचा फोटो तुमच्या फोनमध्ये हवा आणि नवऱ्याच्याही.

तिकिटाची तारीख याच कार्डावरून ठरवा. पेंटाव्हॅलंट ६, १० आणि १४ आठवड्यांना असते, गोवर-रुबेला ९ महिने भरल्यावर. पेंटाव्हॅलंटनंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, तेव्हा टोचल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडीत बसू नका. आणखी एक तारीख आपल्याला इथं राहून पाहावीच लागते, १ नोव्हेंबर. एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी माणसांचा निषेधाचा काळा दिन; त्या दिवशी बाळाला घेऊन बेळगाव शहर ओलांडायचं धाडस नको. सीमेवर काही झालं की बसगाड्या बंद होतात, फेब्रुवारी २०२५ मध्ये झाल्याच की. म्हणून परतीचं तिकीट रेल्वेचंच असू द्या.

तशीही बाळाबरोबर मला रेल्वेच बरी वाटते. बसमध्ये लंगोट बदलायला जागा नाही आणि पुण्याच्या अलीकडे खंबाटकीचा घाट आहे. काहीजणी निपाणीपर्यंत कर्नाटकच्या बसमध्ये बायकांसाठीच्या शक्ती योजनेच्या फुकट तिकिटावर, पुढे महाराष्ट्राच्या एसटीत अर्ध्या तिकिटावर असं टप्प्याटप्प्यानं जातात. एकटीनं जायचं तर जरूर जावं. कडेवर बाळ असताना तेवढ्या पैशांसाठी दोनदा गाडी बदलू नका. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, बर्थही मिळत नाही. तरी आरक्षण करताना त्याचं नाव घालता येतं ते घाला. स्वतःसाठी खालचाच बर्थ मागा. बाळ आतल्या बाजूला, आपण कडेला. एसी डब्यात पहाटे गारठा असतो, त्यामुळे कुंची आणि एक जाड दुपटं हाताशी ठेवा.

आता मुंबईला फोन करायचा, आणि हा फोन मोकळेपणानं करायचा. आपण संकोच करतो आणि त्याचा त्रास बाळाला होतो. नळाला पाणी किती वाजता येतं? बाळाला निजवायचं तिथं पंख्याचा वारा येतो का? झोळी बांधायला वर आकडा आहे का? खोलीत सध्या कुणाला सर्दी-खोकला आहे का? दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात, त्यांनी आपल्यासाठी जागा करायची तर त्यांनाही आधी कळलेलं बरं. मी हे सगळं विचारल्यावर माझ्या मामीनं स्वतःहून सांगितलं की शेजारच्या खोलीतल्या काकू दुपारी कामावर असतात, बाळाला तिथं झोपवू. न विचारता हे सुचलं नसतं. जवळचा बालरोगतज्ज्ञ कुठला तेही त्याच फोनवर विचारून घ्या. लालबागकरांना परळचं वाडिया जवळ पडतं, १९२९ पासूनचं मुलांचं रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेचा १०८ नंबर दोन्ही राज्यांत तोच आहे.

सामान भरताना दोन पिशव्या करा. मोठी बर्थखाली जाते आणि रात्री ती ओढून काढणं होत नाही. लहान पिशवी उशाशी: सहा-सात लंगोट किंवा डायपर, दोन झबली, ओलं फडकं, ओल्या कपड्यांसाठी प्लास्टिकची पिशवी, वाटी-चमचा, आणि तुमच्यासाठी एक जादा कुडता, कारण बाळ ओकतं ते आपल्याच अंगावर. बेळगावची हवा डोक्यात ठेवून लोकरीचे कपडे भरू नका. मुंबईत दमट उकाड्यानं घामोळं येतं, तिथं सुती झबलीच लागतात. घडीची छत्रीवाली मच्छरदाणी मात्र विसरायची नाही, पावसाळ्यात तर नाहीच.

सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर खाण्याची यादीच नाही. अंगावरचं दूध पुरे, वरचं पाणीसुद्धा नको. घरातली मोठी माणसं सहाण आणि घुटीचं सामान पुढं करतील. प्रेमानं करतात, पण प्रवासात नवं काही चाटवू नका, आणि वर्षाच्या आत मध तर अजिबात नाही. सहा महिन्यांवरचं असेल तर नाचणीचं सत्त्व कोरडं, डब्यात, उकळलेलं पाणी थर्मासमध्ये, केळी. पावडरचं दूध आयत्या वेळी कालवा आणि दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्या. एसटीच्या बऱ्याच स्टँडांवर बाळाला पाजायला हिरकणी कक्ष असतो, तो विचारायला लाजू नका.

तापाच्या औषधाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथं चूक सहज होते. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलीला १०० मिलिग्रॅम औषध असतं आणि साध्या सिरपमध्ये ५ मिलीला १२० किंवा १२५. म्हणजे थेंब चौपट जहाल. बाटली घरी राहिली आणि मुंबईत दुसरीच विकत घेतली, तर माप तेच ठेवून चालत नाही. बाळाच्या वजनाप्रमाणे किती द्यायचं ते डॉक्टरांकडून त्याच इंग्रजी कागदावर लिहून घ्या, बाटलीच्या नावासकट, आणि बाटली लहान पिशवीत ठेवा. सोबत थर्मामीटर आणि ओआरएसची पाकिटं.

कुंदा, आपली बेळगावची मिठाई, तिसऱ्या पिशवीत. मुंबईकर त्याची वाट पाहत असतात, पण त्याला मुंग्या लागतात आणि त्या बाळाच्या कपड्यांत नकोत.

दादरला उतरल्यावर जिने आहेत, गर्दी आहे. ढकलगाडी नेऊ नका, बाळ छातीशी बांधायची झोळी न्या. सामानाला मामाला बोलवा. सकाळी आठ ते अकरा लोकलमध्ये चढू नका, टॅक्सी करा. पहिल्या दिवशी कुणाकडे जेवायला जायचं कबूल करू नका. चाळीतली माणसं येतील, प्रत्येकीला बाळ हातात हवं असेल. हात धुऊन घ्या म्हणायचं काम मामीवर सोपवा, घरच्या माणसानं सांगितलं की कुणाला लागत नाही. तो पहिला दिवस आजीचा. ती आता जिना उतरत नाही, म्हणून तर आपण गेलो. बाळ दूध पिऊन जागं असेल तेव्हाच तिच्या मांडीवर द्या, भुकेलं किंवा पेंगुळलेलं देऊ नका. ते रडलं की तिलाच वाईट वाटतं.

आणि मोठ्या पिशवीत जाताना एक बाजू रिकामी ठेवा. माझी आजी आम्ही येणार म्हटल्यापासून जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत बसली होती. येताना ती कशात घालायची हा प्रश्न मला दादरच्या फलाटावर पडला. शेवटी माझे कपडे मामीकडे ठेवून आले.